पाचवा उद्गार

शुभ शुक्रवारी चर्चमधलं पाणी कुलपात ठेवायची रीत धर्माबादेत याकोबबुवा सोनकांबळ्यांनी घातली, आणि त्यांच्या माघारी ती त्यांच्या थोरल्या सुनेनं, दोर्कसबाईंनी, बुवांपेक्षाही कडक चालवली. बाराला उपासना सुरू, तीनला आमेन. तेवढ्या वेळात कोणी घोटभरही पाणी प्यायचं नाही. वधस्तंभावरच्या प्रभूला मिळालं नाही ते तुम्हाला कशाला पाहिजे, असा बुवांचा रोकडा सवाल होता. म्हणून गुरुवारीच दोर्कसबाई रांजण आतल्या खोलीत सरकवून घ्यायच्या, दाराला कुलूप घालायच्या आणि किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवायच्या. मुलींच्या वसतिगृहावर सारी नोकरी मेट्रन म्हणून काढलेल्या बाईचं जुडगं काय चीज असते, हे धर्माबादेत कोणाला सांगावं लागत नाही. मागं एका पाळकानं लहान लेकरांपुरतं तरी उघडा म्हणून विनंती केली होती. त्याची पुढं बदली झाली. बदलीचा आणि किल्लीचा काही संबंध नव्हता, पण लोकांनी तो जोडला आणि बाईंनी तोडला नाही.

त्यात एप्रिलचं ऊन, आणि चर्चच्या भिंतीला भिंत लावून मिरचीचं गोदाम. वारा सुटला की ऐन प्रार्थनेत निम्मी मंडळी शिंकायची आणि उरलेल्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. बाहेरगावचा माणूस बघून म्हणायचा, काय भक्ती हाय हो तुमच्यात.

तर यंदा गुरुवारी सकाळी रांजण सरकवायचं काम चालू होतं. एका बाजूला बाईंचा मुलगा सिलास, दुसऱ्या बाजूला मिरच्या निवडणारी दणकट गौरम्मा, आणि मधे कमरेवर हात ठेवून दोर्कसबाई. तेवढ्यात पाळक सत्यम आले. सत्यम वयानं सिलासपेक्षा लहान, तेलंगणातले, मराठी हल्लीच शिकलेले. अवघड गोष्ट असली की ते डोळे मिटून एका दमात सांगून टाकायचे.

“अम्मा, पाचवा उद्गार मी देऊन टाकला. योहानकाकांना दिला.”

गौरम्माच्या हातातून तिची बाजू सुटली. रांजण धपकन खाली बसला आणि निम्मं पाणी सगळ्यांच्या पायांवर आलं.

“कोण योहान?” दोर्कसबाई म्हणाल्या.

धर्माबादेत योहान नावाची माणसं ढिगानं होती, पण बाईंना धाकटा दीर एकच होता.

उद्गाराचं सांगायचं तर असं. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला. शुभ शुक्रवारी सात जण उभे राहतात आणि एकेक उद्गार घेऊन त्यावर बोलतात. इतर गावी ते पाळक दरवर्षी वाटून देतो. धर्माबादेत मात्र ते घराण्यात चालत आले, पाटीलकी चालावी तसे. पहिला क्षमेचा, तो सोनकांबळ्यांचा. दुसरा शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला स्वर्ग देऊन टाकल्याचा, तो गौरम्माच्या घरचा, कारण तिचा आजा निजामाच्या राजवटीत बकरी चोरून तुरुंगात गेला होता आणि तिथून बायबल घेऊन बाहेर आला होता. त्या घराला आज्याच्या बायबलपेक्षा बकरीचाच अभिमान जास्त. पाचवा तहानेचा. तो भंडाऱ्यांचा होता, पण भंडारे लेकांकडं पुण्याला गेले आणि पाचवा रिकामा पडला. गेली दोन वर्षं त्या वेळात नुसतं गाणं म्हणत होते.

“त्याचं नाव माझ्यापुढं घ्यायचं न्हाई, हे तुम्हाला कोणी सांगितलं न्हाई का?” बाईंनी विचारलं.

“सगळ्यांनी सांगितलं अम्मा,” सत्यम म्हणाले.

“मग?”

“मग काय. तरी दिला.”

बाईंनी सिलासकडं बघितलं. सिलास खाली वाकून रांजणाचं बूड न्याहाळून राहिला होता. याला आधीपासून ठाऊक हाय, हे त्यांनी ओळखलं.

योहाननं काय केलं होतं? वादळाच्या साली चर्चचे पत्रे उडाले. निम्मे गोदामावर पडले आणि देवानंच धाडले म्हणून गोदामवाल्यानं ते ठेवून घेतले. मंडळी मोकळ्या आभाळाखाली आली. पुढच्याच रविवारी योहान उभा राहिला आणि म्हणाला, देव आपल्याला इथून निघा म्हणून सांगून राहिलाय. देव त्याला काय म्हणाला ते देवाला माहीत, पण स्टेशनरोडला एक हॉल मिळत होता, त्यात पंखे होते आणि एक कीबोर्ड होता, हे सगळ्यांना माहीत होतं. निम्मी मंडळी त्याच्या मागं गेली. योहानचा ब्रदर जॉन झाला. पुढं लातूरला हॉलची शाखा निघाली, तिथं तो मुख्य होऊन बसला. माइक हातात आला की त्याचा आवाज चार गल्ल्या ऐकू जायचा.

इकडं बाईंचे मालक शमुवेल राहिलेल्या लोकांना घेऊन त्याच भिंतींत बसले. उन्हाळ्यात डोक्यावर टॉवेल घेऊन, पावसाळ्यात छत्र्या उघडून. एकदा प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाच्या पेल्यात पावसाचं इतकं पाणी पडलं की घोट घेतल्यावर गौरम्मा आमेनच्या ऐवजी “हे तर नुसतं पाणीच हाय” असं म्हणाली. सहनशीलता हे आत्म्याचं फळ हाय म्हणतात. धर्माबादच्या मंडळीत ते बारमाही यायचं, कारण दुसरं काही पिकतच नव्हतं. पत्रे एकेक करून परत चढले. आज निम्म्या चर्चवर पत्रा हाय आणि निम्म्यावर रोपवाटिकेतली हिरवी जाळी. उशिरा येणाऱ्यानं जाळीखाली बसायचं, असा नियम हाय.

हे सगळं बाईंनी सोडून दिलं असतं. हॉल, कीबोर्ड, ब्रदर जॉन, सगळं. पण शमुवेल नांदेडला दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होते तेव्हा योहान लातूरहून दहा-बारा माणसं घेऊन आला. त्यांनी खाटेला गराडा घातला, हात वर केले आणि मोठमोठ्यानं प्रार्थना सुरू केली. बाई गराड्याच्या बाहेर राहिल्या. माणसांच्या फटीतून त्यांना नवऱ्याचं तोंड दिसत होतं. शमुवेल पाणी मागून राहिले होते. त्यांचे ओठ हलत होते आणि त्या गोंगाटात ते कोणालाच ऐकू जात नव्हतं. बाई पाणी पाणी म्हणत राहिल्या, ते त्या लोकांना आमेनसारखं वाटलं असावं. शेवटी योहाननं भावाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, दादा, तुझा विश्वास कमी पडून राहिलाय, म्हणून तू बरा होईना. ज्या माणसानं भर पावसात छत्रीखाली मंडळी जगवली, त्याला हे ऐकून डोळे मिटावे लागले. बाई त्या दिवसापासून दिराशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“अम्मा, अजून एक सांगतो,” सत्यमनं परत डोळे मिटले. “स्टेशनरोडचा हॉल बंद पडला. तिथली माणसं दर रविवारी आपल्या गेटापर्यंत येतात, लिंबाखाली थांबतात, परत जातात. त्यांना लाज वाटते. योहानकाका त्यांना घेऊन गेले होते. तुम्ही काकांना आत घेतलं तर ते येतील. न्हाई घेतलं तर ते पण येणार न्हाईत.”

“म्हणजे सगळं माझ्या गळ्यात?”

“पहिला उद्गार तुमचा हाय अम्मा. क्षमेचा. मी काय करू?”

दोर्कसबाईंनी रांजण आत ढकलायला लावला, कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि कोणाकडंही न बघता घरची वाट धरली.

घरी ओसरीवर योहान भाकर खाऊन राहिला होता. समोर सून मंजुश्री बसून त्याच्या ताटात पिठलं वाढत होती. एके काळी गळ्याची गुंडी लागत नव्हती असा गडी, आता त्याच सदऱ्याच्या गळ्यात त्याची मान सैल हलत होती. एक पाय बांधलेला, पाटावर ठेवलेला. बाजूला काठी.

“मंजू,” बाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “आपल्याकडं कोण आलंय?”

“काका आलेत.”

“वैनी,” योहान उठायला लागला.

“त्यांना सांग, मी घरात न्हाई.”

मंजुश्री उदगीरच्या लिंगायत घरातली. सिलासशी लग्न झाल्यापासून दर रविवारी चर्चला यायची, गाणी सासूपेक्षा सुरात म्हणायची, पण गळ्यातलं लिंग तिनं काढलं नव्हतं आणि बाप्तिस्म्याचं विचारलं की “बघू की” म्हणायची. बाईंना आधी तिचा राग यायचा. मग आख्ख्या घरात ही एकटीच आपल्याला भीत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि तेव्हापासून त्यांना ती आवडायला लागली.

“काका, आई घरात न्हाईत,” मंजुश्री म्हणाली.

“बरं,” योहान खाली बसला. “आल्या की सांग, योहान्या आला होता म्हणून.”

योहान्या म्हणून त्याला एकट्या दोर्कसबाईच हाक मारायच्या. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा हा दिवटा चौथीत होता, आणि शाळेत जाताना त्याचे दप्तराचे बंद त्याच बांधायच्या. बाई तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि काही काम नसताना डबे खालीवर करायला लागल्या.

मंजुश्री मागून आली. “आई, आमच्याकडं दारात आलेला जंगमसुद्धा भिक्षा घेतल्याबिगर जात न्हाई. हे तर घरचे हायेत.”

“जंगम कोणाच्या मरणावर नाचत न्हाई.”

“त्यांची शुगर पायात उतरली. लातूरला अंगठा काढला. हॉलवाले बघायला गेले होते दवाखान्यात.”

“मग?”

“डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आणि म्हणले, ब्रदर, तुमचा विश्वास कमी पडून राहिलाय. मग दुसऱ्याच महिन्यात नवा माणूस नेमला त्यांच्या जागी.”

बाईंच्या हातातला डबा थांबला. “असंच म्हणले? विश्वास कमी?”

“हाव. काकांनीच सांगितलं मला.”

“देव हाय,” दोर्कसबाई म्हणाल्या, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ताट घेतलं आणि उभ्या उभ्या दोन भाकरी खाल्ल्या. आपण ख्रिस्ती माणूस आहोत, आपल्याला असा आनंद व्हायला नको, हे त्यांना ठाऊक होतं. पण झाला त्याला काय करणार? त्यांनी वरून थोडं लोणचंही घेतलं.

तो आनंद काही पचला नाही. ऊन उतरायच्या आतच पोटात कळा यायला लागल्या. बाईंनी फडताळातून आंबेची बाटली काढली. हरभऱ्याच्या पानांवरचं आंबट दव फडक्यात टिपून पिळून ठेवलेलं. बायबलात सैनिकांनी प्रभूला आंब दिली असं लिहिलेलं हाय, आणि ती हीच हरभऱ्याची, असं त्या लहानपणापासून धरून चालल्या होत्या. तो द्राक्षांचा प्रकार होता असं सत्यमनं एकदा सांगून बघितलं. तिकडं हरभरा होत न्हाई का, असं बाईंनी विचारल्यावर तो विषय मिटला.

“उद्या तहान लागली म्हणला की हीच पाजते त्याला,” त्या एक चमचा घेऊन तोंड वाकडं करत म्हणाल्या.

सिलास दारात घुटमळत होता. नांदेडला मास्तर, वर्गात वाघ, घरात आईपुढं शेपूट.

“आई, तू उद्या काय बोलणार?”

“तुला काय करायचंय?”

“पहिला उद्गार क्षमेचा हाय. पप्पा बोलायचे. तू उभी राहणार, समोर काका बसणार. गेटावर ती सगळी माणसं उभी राहणार. तू यांना माफ कर म्हणून बोलणार आणि काकाकडं पाठ फिरवून बसणार? लोक हसतील.”

“तूच बोलावलंस न्हाई का त्याला?”

सिलास म्हणाला, “पप्पांनी बोलावलं असतं.”

“पप्पांना पाणी पाजायला तुझा काका आडवा आला होता, सिलास. माझ्या हातात तांब्या होता.” बाईंचा आवाज फाटला आणि त्यांना त्याचाच राग आला. “मी पुलपिटावर उभं राहून खोटं बोलणार न्हाई. माझ्या मनात न्हाई ते तोंडानं काढणार न्हाई. मग देते गौरम्माला पहिला. ती कधीची डोळा ठेवून हाय.”

“पप्पांचा उद्गार बाहेर देणार?”

माफ करावं तर बाईंचं मन होईना. तोंडदेखलं बोलावं तर ती त्यांची जात नव्हे. आणि सोडून द्यावा तर बुवांपासून चालत आलेली, मालकांनी पावसात जपलेली एकच गोष्ट घराबाहेर जात होती. बाईंनी आंबेचा आणखी एक चमचा घेतला.

शुक्रवारी चर्च भरलं. पत्र्याखालचे बाक आधीच धरले गेले होते. योहान काठी टेकत आला आणि कोणी काही म्हणायच्या आत जाळीखालच्या पहिल्या बाकावर, भर उन्हात बसला. गेटाबाहेर लिंबाखाली हॉलची माणसं उभी होती. बायकांनी पदर पुढं ओढले होते, पुरुष मोबाइलमध्ये बघत होते, आणि सगळ्यांचे कान आत होते. गोदामाकडून वारा आला. गौरम्मा शिंकली आणि उपासनेला सुरुवात झाली.

गाणं झालं. सत्यमनं पहिला उद्गार म्हणून पुकारा केला. दोर्कसबाई उठल्या तेव्हा जुडगं वाजलं आणि पोरं गप्प झाली. शमुवेल या उद्गारावर चांगला अर्धा-पाऊण तास बोलायचे, त्यात दोन डुलक्या आरामात व्हायच्या. त्या तयारीनं मंडळी रेलून बसली.

“रात पडली तरी मला सुधरेना काय बोलावं,” बाई म्हणाल्या. “म्हणून सकाळी परत वाचलं. तुम्ही बी वाचलंय, पण नीट वाचलं न्हाई. मी बी न्हाई. आपण सगळे म्हणतो, प्रभूनं मारणाऱ्यांना माफ केलं. कुठं केलं? दाखवा मला. त्यानं बापाला सांगितलं, यांना माफ कर म्हणून. तू कर, म्हणला. मी केलं, असं न्हाई म्हणला.”

सत्यम ताठ बसले.

“खिळे ठोकलेले. अंग सोलून निघालेलं. त्या घडीला त्याच्याच्यानं तरी झालं असतं का, कोणाला ठाऊक. न झेपणारं काम त्यानं बापाच्या गळ्यात घातलं. तर मी बी तेच करून राहिले.” बाईंनी वर बघितलं. वर जाळी होती आणि जाळीच्या भोकांतून ऊन होतं. “बापा, तो माणूस तिथं बसलाय. त्यानं माझ्या मालकाला काय केलं ते तू बघितलंस, मला सांगायचं काम न्हाई. माझ्याच्यानं होईना. मी करून बघितलं. तूच कर. आमेन.”

आणि त्या खाली बसल्या.

डुलकीच्या तयारीतले लोक उठून बसले. गौरम्मा मात्र मोठ्यानं “आमेन” म्हणाली, आणि पहिल्या उद्गाराचा सगळा वेळ उरलाय हे बघून तिनं दुसऱ्या उद्गारात आज्याची बकरी पहिल्यापासून सांगायला घेतली. बकरी कोणत्या रंगाची होती तेही यंदा कळलं. तिसरा झाला, चौथा झाला. ऊन जाळीतून सरकत आत आलं. लेकरं ओठ चाटत बंद दाराकडं बघत होती. बाईंना हलकं वाटत नव्हतं आणि जडही वाटत नव्हतं. बोललो ते खरं बोललो, एवढंच समाधान होतं. त्यांनी दिराकडं बघितलं नाही.

“पाचवा उद्गार,” सत्यम डोळे मिटून म्हणाले.

योहान काठीवर उठला. पुलपिटापर्यंत जायला त्याला वेळ लागला. ब्रदर जॉन असता तर त्यानं आधी हात वर केले असते, मग हालेलुया झाली असती. यानं नुसतं पुलपिटाच्या कडांना धरलं.

“मला तहान लागली,” तो म्हणाला.

आणि थांबला. गोदामाकडून वाऱ्याची झुळूक आली. तो खोकला. परत तोंड उघडलं, तर जीभ टाळूला चिकटलेली. ओठ हलले, आवाज आला नाही.

“काय नाटकं करून राहिला बघ,” गौरम्मा बाईंच्या कानाशी कुजबुजली. “हॉलमधी बी असंच करायचा म्हणे. पडूनसुद्धा दाखवायचा.”

मागं कोणीतरी हसलं. दोर्कसबाईंनी मान वर केली. वसतिगृहाच्या प्रार्थनेत चक्कर येऊन पडणाऱ्या पोरी त्यांनी आयुष्यभर बघितल्या होत्या. नाटक करणारी कोणती आणि खरी कोणती, हे ओठांकडं बघून त्यांना कळायचं. योहानचे ओठ पांढरे पडले होते. शुगरचा माणूस, सकाळपासून उपाशी, भर उन्हात बसून. ते ओठ हलत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

हे आपण आधी बघितलंय, असं त्यांच्या मनात आलं. माणसांच्या फटीतून बघितलंय. तेव्हा गराडा आडवा होता. आज कोणी आडवं नव्हतं. किल्ली कमरेला होती.

मरू दे, असंही त्यांच्या मनात आलं. नाही कशाला म्हणायचं, आलं. कळू दे त्याला. माफीचं काम तर त्यांनी वर सोपवलंच होतं, त्यात आता त्यांचं काही देणंघेणं उरलं नव्हतं. ते बाप बघेल, त्याला वाटेल तेव्हा करेल. पण पाण्याचं काम त्यांनी कोणाला सोपवलं नव्हतं. पाण्याची किल्ली याकोबबुवांनी त्यांच्या हातात दिली होती. दप्तराचे बंद बांधून घेताना हा एक पाय हलवत उभा राहायचा, तोही पाय आता बांधलेला होता.

जुडगं वाजलं. मंडळी दचकली. बाई बाकांच्या मधून आतल्या खोलीकडं गेल्या, कुलूप काढलं, तांब्या रांजणात बुडवला. बुडबुड आवाज आख्ख्या चर्चमध्ये ऐकू गेला. एका लेकरानं आईला विचारलं, तीन वाजले का? आईनं त्याला चिमटा काढला. भरलेला तांब्या घेऊन दोर्कसबाई पुलपिटाच्या पायऱ्या चढल्या, सत्यमच्या पुढून, आणि योहानच्या समोर उभ्या राहिल्या.

योहाननं तांब्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. त्याचे हात पुलपिटाच्या कडा सोडेनात.

“आंब न्हाई,” दोर्कसबाई म्हणाल्या. “पाणीच हाय. पी, योहान्या.”

दवाखान्यानंतर त्याच्याशी बोललेले हे त्यांचे पहिले शब्द. योहानचं तोंड लहान पोरासारखं वाकडं झालं. घड्याळ मागच्या भिंतीवर होतं, तिकडं त्यानं बघितलं. याकोबबुवांचा तोही लेकच होता, रीत त्याच्याही अंगात होती.

“वैनी,” त्याच्या घशातून कसाबसा आवाज निघाला, “तीन वाजले न्हाईत अजून.”

बाईंनी तांब्या त्याच्या ओठांना लावला. दुसऱ्या हातानं त्याची मान मागून धरली, आजारी पोरींना औषध पाजताना धरायच्या तशी. गेटाशी कोणीतरी चपला काढल्याचा आवाज झाला, मग आणखी कोणीतरी काढल्या.

“माझ्या घड्याळात वाजलेत,” त्या म्हणाल्या. “पी.”